वणवा विझवायला जाताय? आधी टीशर्टचं लेबल वाचा

कॉटन घाला. एवढंच वाचून पुढे जायचं असेल तरी चालेल, पण हे एक डोक्यात ठेवून जा. पूर्ण बाह्यांचं, सैलसर, शंभर टक्के कॉटन, आणि तेही घरून निघायच्या आधी लेबल बघून. फेब्रुवारी आला की येऊर, नॅशनल पार्कच्या कडेचे डोंगर, तिकडे बदलापूर-कर्जत, अशा ठिकाणी जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा) काढायला आणि वेळ आली तर वणवा विझवायला मुंबईतून बरीच पोरं-पोरी जातात, आणि जाताना सगळे ट्रेकला निघाल्यासारखे निघतात, ड्रायफिट टीशर्ट, स्ट्रेच ट्रॅकपँट, गळ्यात बफ. गेल्या वेळी मीही तशीच गेले. कॉटनवर ठिणगी पडली तर भोक पडतं, झटकलं की विषय संपला. पॉलिएस्टरवर पडली तर कापड वितळतं, भोकाच्या कडेला काळा कडक मणी तयार होतो आणि तो कातडीला चिकटतो. ओढून काढला की सालटं घेऊन निघतो. माझ्या दंडावर मसुराएवढे डाग अजून आहेत.

लेबल गेलं असेल तर शिवणीच्या आत दुमडलेल्या कापडाचा एक धागा (शिवायचा दोरा नाही) काढून गॅसवर धरा, कागदासारखा जळून राख झाली तर कॉटन, गोळा झाला तर तो कपडा घरीच राहू दे. टेरिकॉटचे शर्ट नकोत, त्यात पॉलिएस्टर असतंच. जीन्स चालेल पण स्ट्रेचवाली नाही. आणि मोजे! मोजे सगळे विसरतात, आतले कपडे पण. कोणी शिफॉनची ओढणी तोंडाला बांधून आलं तर तिथूनच परत पाठवा, मला विचारू नका.

आता बाकीचं. बूट चामड्याचे असतील तर उत्तम, पाणी भरपूर, टोपी, हेडटॉर्च, हे सांगायची गरज नाही. हातमोजे चामड्याचे किंवा जाड सुती घ्या, रबरवाले बागकामाचे आणू नका, परत तेच, वितळतात.

मास्कचं जरा नीट सांगते कारण ओला रुमाल बांधला की झालं असं सगळ्यांना वाटतं. ओल्या रुमालाने घशाला बरं वाटतं, बारीक कण सरळ आत जातात. एन-95 आणा, तो कण अडवतो, पण कार्बन मोनॉक्साइड तोही अडवत नाही, त्यामुळे डोकं जड झालं, मळमळलं तर हिरोगिरी न करता धुराबाहेर यायचं. ऑस्ट्रेलियात 2019-20 च्या वणव्यांत थेट आगीने 33 माणसं गेली, आणि धुरामुळे गेलेल्यांचा नंतर काढलेला अंदाज 400 च्या वर होता. ज्यांनी ज्वाळा बघितल्याही नाहीत अशी शहरातली माणसं. दमा असेल तर विझवायला येऊ नका, जाळरेषेच्या कामाला या, तिथे माणसं नेहमीच कमी पडतात.

परवानगी काढा. वनखात्याच्या माणसाशिवाय आत शिरायचं नाही, स्वतःच्या मनाने तर अजिबातच नाही. तमिळनाडूत कुरंगणीला मार्च 2018 मध्ये ट्रेकर गवताळ उतारावर वणव्यात सापडले, 20 च्या वर जीव गेले, आणि ती वाट परवानगीची नव्हती, म्हणजे ते तिथे आहेत याचा पत्ता ज्यांना असायला हवा त्यांनाच नव्हता. आग दिसली तर 1926 ला फोन करा, ही आपल्या वनखात्याची हेल्पलाइन आहे. वस्तीजवळ असेल तर 101. रील नंतर. फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाचे सॅटेलाइट अलर्ट मोबाइलवर येतात, नाव नोंदवून ठेवा, पण त्याच्या भरवशावर बसू नका, सॅटेलाइट दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातं आणि तेवढ्यात एक अख्खा गवताचा उतार जळून मोकळा होतो. आणि सीझन फेब्रुवारीपासून म्हणतात खरं, पण 2018 ला दिंडोशीचा डोंगर डिसेंबरातच पेटला होता, तेव्हा बॅग थंडीतच भरून ठेवा.

वारा. इथे मात्र घाई करू नका. मुंबईत फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी वारा पूर्वेकडून, जमिनीवरून येतो, कोरडा आणि गरम. मग दुपारी कधीतरी समुद्रावरचा वारा चालू होतो आणि दिशा उलटते. बोरिवलीत घरात बसलेल्या माणसाला हायसं वाटतं, पण डोंगरावर सकाळपासून आगीच्या ज्या बाजूला तुम्ही निवांत उभे होतात तीच बाजू आता आगीचं तोंड होते. म्हणून एक माणूस फक्त वारा बघायला ठेवायचा, त्याच्या हातात आग आपटायची फांदी द्यायची नाही, कितीही चुळबुळ केली तरी. आगीच्या वरच्या अंगाला उभं राहायचं नाही, आग चढावर धावते, चढ 10 अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो असा हिशोब आहे, आणि तुमचा वेग चढावर अर्धा होतो. पळायची वेळ आली तर जळून थंड झालेल्या काळ्या जमिनीवर जायचं, उंच वाळक्या गवतात नाही. पोचल्या पोचल्या हे काळं कुठे आहे ते बघून ठेवा आणि सगळ्यांना बोटाने दाखवा.

फांद्या ओल्या पानांच्या घ्या, आणि कुठल्या तोडायच्या ते बरोबरच्या वनमजूर दादांना विचारून. पाड्यावरची माणसं आग कशी आपटून, दाबून विझवायची ते तुमच्यापेक्षा दहापट चांगलं जाणतात, त्यांना व्हिडिओ बघून शिकवायला जाऊ नका. फांदी जोरात उचलून आपटली की ठिणग्या मागच्याच्या अंगावर जातात. (मागच्याने काय घातलंय? कॉटन. विचारलं का निघताना? विचारा.)

आता कोणीतरी म्हणणार की गवतच तर जळतं, झाडं उभीच असतात, पावसात सगळं हिरवं होतं. मोठी झाडं उभी राहतात, बरोबर. पण खाली रोपं जातात, सरडे, घोरपडी, गोगलगायी जातात, रातवा आणि टिटवी जमिनीवरच अंडी घालतात, तीही मार्चपासूनच. जाळरेषा झाडताना टिटवीची अंडी एकदा अगदी बुटाजवळ दिसली होती, खड्यांच्या रंगाची, ती डोक्यावर ओरडत होती म्हणून पाय थांबला. वणव्याला ते ओरडणं ऐकू येत नाही. वरचा पाचोळा गेला की पहिल्याच पावसात माती वाहून जाते, दरवर्षी जळलेल्या उतारावर शेवटी घाणेरी आणि रानमोडीच माजते. कारवी हे झुडूप आठ वर्षांतून एकदाच फुलतं, 2024 ला फुललं, आता त्याची नवी रोपं वाढतायत, वणवा त्यांच्यावरून गेला तर 2032 ला फुलायला तिथे काय उरणार? ऑस्ट्रेलियात त्या एका सीझनमध्ये मेलेल्या किंवा विस्थापित झालेल्या प्राण्यांचा अंदाज जवळपास 3 अब्ज होता, तिथे काही आगी वीज पडूनही लागतात. आपल्याकडे जवळजवळ सगळ्या माणसाने लावलेल्या, नवीन गवत चांगलं येतं म्हणून, राब (भाताच्या रोपांची जमीन) भाजताना सुटलेल्या, नाहीतर पिकनिकवाल्यांची चूल आणि विडी-सिगरेट. राब भाजणाऱ्यांशी भांडू नका, त्यांची शेती आहे, वारा पडल्यावर भाजा आणि बाजूचं गवत आधी काढा एवढं नीट बोललं तरी पुरतं. पिकनिकवाल्यांशी भांडायला हरकत नाही.

खायला गूळ-शेंगदाणे, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. बर्नॉल-टूथपेस्ट काही लावायचं नाही, भाजलं तर साधं पाणी वीस मिनिटं ओतत राहायचं, म्हणून ते पाणी वेगळं ठेवा, प्यायच्यात धरू नका. वितळलेलं कापड चिकटलं असेल तर ओढायचं नाही, तसंच ठेवून डॉक्टरकडे. जे तुम्ही कॉटन घातलं तर होणारच नाहीये.

संपल्यावर हजेरी घ्या, जितके वर गेले तितके खाली आले का. परतीची शेवटची बस आधी विचारून ठेवा. खोकला दोन दिवसांत गेला नाही तर दाखवून या.

आणि ओंडके. आग विझली तरी पडलेल्या झाडाचं खोड आत धुमसत राहतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला की परत पेटतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी गार्डबरोबर कोण दोघं जाणार त्यांची नावं निघायच्या आधीच ठरवा, कारण रात्री खाली उतरल्यावर कोणीही हात वर करत नाही.