‘डेथ ऑफ अ सेल्समन’च्या अभ्यासाला बसण्यापूर्वी

अमेरिकन नाटककार आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ या नाटकाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने टीकाग्रंथ आणि तयार टिपणे काही दिवस कपाटात ठेवावीत, आणि रंगसूचनांसह संपूर्ण संहिता हाताशी घ्यावी. त्याखेरीज दोन रंगांच्या पेन्सिली, हिशेबाची एक कोरी वही आणि अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याचा नकाशा, एवढे साहित्य पुरेसे आहे. पहिले वाचन शक्यतो एका बैठकीत आणि कोठेही खूण न करता व्हावे.

दुसऱ्या वाचनाचा आरंभ रंगसूचनांपासून करावा. ब्रुकलिनमधील लोमन कुटुंबाचे घर आरपार दिसणारे आहे. वर्तमानकाळातील प्रवेशांत पात्रे भिंतींच्या काल्पनिक रेषा पाळून दारातूनच ये-जा करतात, तर भूतकाळ सुरू होताच त्याच रेषा ओलांडून सरळ रंगमंचाच्या पुढच्या भागात येतात. हा नियम पक्का ध्यानात घेऊन वर्तमानाला एका रंगाची आणि भूतकाळाला दुसऱ्या रंगाची रेघ मारत जावे. नाटकाचा नायक, फिरता विक्रेता विली लोमन, शेजारच्या चार्लीबरोबर पत्ते खेळताना मृत भाऊ बेनशीही बोलू लागतो, त्या प्रवेशात मात्र एकाच पानावर दोन्ही रंग लागतील आणि रेघा एकमेकींत मिसळतील. त्या मिसळू द्याव्यात. मिलरने या नाटकासाठी ‘त्याच्या डोक्याच्या आत’ अशा अर्थाचे शीर्षक आधी योजले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रवेशांना नुसते ‘फ्लॅशबॅक’ म्हणणे किती अपुरे आहे ते कळते; तेथे घडून गेलेल्या गोष्टींपेक्षा विलीला आज त्या कशा आठवतात, हेच दिसत असते.

हिशेबाच्या वहीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बहुतेक विद्यार्थी ‘अमेरिकन स्वप्नाचा भंग’ (म्हणजे कष्टाने कोणीही यशस्वी होतो या विश्वासाचा भंग) हे शब्द आधी लिहितात आणि मग त्यांना पुरावे शोधतात. पण या नाटकात स्वप्न मोडते ते डॉलरच्या आकड्यांत. फेरीवरून परतलेला विली प्रॉव्हिडन्समध्ये ५०० आणि बोस्टनमध्ये ७०० ची विक्री झाल्याचे सांगतो, आणि त्याची बायको लिंडा लगेच २१२ डॉलर कमिशन काढते. मग तो आकडा हळूहळू खाली आणत सगळ्या फेरीची विक्री २०० वर येतो, तेव्हा ती सत्तर डॉलर आणि काही सेंट असा हिशेब करून, हेही पुष्कळ झाले असे म्हणते. फ्रिज, धुलाई यंत्र, छप्पर, गाडीची दुरुस्ती अशी देणी मात्र १५ तारखेपर्यंत सुमारे १२० डॉलरची आहेत. वहीत हे मांडणाऱ्याला दिसेल की १,२०० वर २१२ आणि २०० वर ७० हे प्रमाण जुळत नाही. ही लेखकाची नजरचूक की लिंडाने नवऱ्यासाठी केलेली माया, याचा निर्णय संहिता देत नाही. मला मात्र येथे लिंडाचे सगळे व्यक्तिमत्त्व दिसते.

दुसऱ्या अंकातील विलीचा मालक हॉवर्ड याच्या कार्यालयातला प्रवेशही असाच वहीत उतरवावा. छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, विली आठवड्याला आधी ६५, मग ५०, मग ४० डॉलर मागतो, आणि समोरच्या टेबलावर हॉवर्डचे दीडशे डॉलरचे नवे ध्वनिमुद्रण यंत्र असते. त्याखाली चार्ली दर आठवड्याला उसने देत असलेले ५० डॉलर आणि विलीच्या आयुर्विम्याचे २०,००० डॉलर लिहावेत. विली चार्लीचे पैसे घेतो, पण त्याने देऊ केलेली नोकरी नाकारतो. या नकाराची कारणे स्वतःच्या शब्दांत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नकाशावर ब्रुकलिन ते बोस्टन हे सुमारे साडेतीनशे किलोमीटरचे अंतर पाहावे. नमुन्यांच्या जड बॅगा घेऊन विली वर्षानुवर्षे गाडीने हा मुलूख फिरत आला. त्या बॅगांत कोणता माल आहे हे मिलर शेवटपर्यंत सांगत नाही.

पार्श्वभूमीसाठी थोडे टिपण पुरते. मिलरचा जन्म १९१५ चा. वडिलांचा कोट तयार करण्याचा धंदा १९२९ च्या मंदीत बुडाला आणि कुटुंब ब्रुकलिनला आले. तरीही या नाटकाला मंदीचे नाटक समजण्याची घाई करू नये, कारण त्याचा वर्तमानकाळ युद्धानंतरचा आहे. घराभोवती उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि परसात बियाणे रुजेल इतकेही ऊन उरलेले नाही. पहिला प्रयोग १० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मोरोस्को थिएटरमध्ये झाला. दिग्दर्शन इलिया कझान यांचे, नेपथ्य जो मिलझिनर यांचे होते, आणि विलीची भूमिका ली जे. कॉब यांनी केली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला न्यूयॉर्क टाइम्समध्ये, सामान्य माणूसही राजाइतकाच शोकांतिकेचा नायक होऊ शकतो, असे मांडणारा मिलरचा लेख आला. हा लेख दुसऱ्या वाचनानंतरच वाचावा, अन्यथा विलीविषयीचे आपले मत तयार होण्याआधीच लेखकाचे मत कानावर पडते.

चित्रीकरणे सर्वांत शेवटी पाहावीत. डस्टिन हॉफमन विलीच्या भूमिकेत असलेले १९८५ चे रूप सहज समजते, पण आधी पाहिल्यास विलीचा दुसरा चेहरा डोळ्यांपुढे येणे कठीण होते.

‘रेक्विएम’ हा दफनभूमीतला अखेरचा छोटा भाग मात्र मनात न वाचता चार जणांनी मिळून मोठ्याने वाचावा. विलीचा थोरला मुलगा बिफ वडिलांची स्वप्नेच चुकीची होती म्हणतो, धाकटा हॅपी तीच स्वप्ने पुरी करण्याचा हट्ट धरतो, चार्ली या माणसाला कोणी दोष देऊ नये म्हणतो. लिंडा मात्र घराचा शेवटचा हप्ता आजच फेडल्याचे मृत विलीला सांगते, आणि तिला रडू येत नाही. तिचे हे भाषण वाचणाऱ्याने हप्त्याची ओळ सावकाश वाचावी.