सायलेन्सर मोठ्याने वाजू लागला तर

बाईक जोरात वाजली की समोरचा आपोआप बाजूला होतो, असं बरेच जण धरून चालतात. पण सायलेन्सरचं तोंड मागे असतं, त्यामुळे आवाजाचा मोठा भाग मागे जातो. धोका बहुतेक वेळा समोरून येतो: चौकात अचानक वळणारी गाडी, काचा बंद, आत गाणी चालू. बाईक अपघातांवरच्या अमेरिकेतल्या 1981 च्या हर्ट अहवालातही अपघाताआधीचा धोका तीन चतुर्थांशाहून जास्त वेळा स्वाराच्या समोरच, सरळ रेषेच्या डावी-उजवीकडे 45 अंशांच्या आत होता. म्हणून वाढलेला आवाज हा बिघाड समजावा आणि आधी गळती शोधावी.

हे काम मोकळ्या जागेत, इंजिन पूर्ण थंड असताना करा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिनच्या हेडला जिथे बेंड पाईप (धूर सायलेन्सरकडे नेणारा वाकडा पाईप) बसतो तो सांधा, क्लॅम्प आणि सायलेन्सरच्या खालची वेल्डिंग यांवर साबणाचं पाणी मारा. गाडी चालू करा, हातमोजा घालून ओल्या जाड फडक्याने सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद दाबा. फुसफुस ऐकू येईल किंवा बुडबुडे येतील तिथे गळती. पाईप तापायच्या आत हे उरका. काळी काजळी साचलेली जागा तर फडक्याविनाही चुगली करते.

थ्रॉटल सोडल्यावर फटाके फुटत असतील तर आधी हेड आणि बेंड पाईप यांच्यामधलं गॅस्केट (सांधा सील करणारी रिंग) बघा. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं इंधन पाईपमध्ये पेटतं. पाईप एकदा काढला की जुनं गॅस्केट परत बसवू नका. ते दबूनच सील होतं, दुसऱ्यांदा तितकं दबत नाही. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा. घाईत स्टड (नट ज्यावर बसतो तो आटा) तुटला तर तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं.

बसवताना सगळे बोल्ट आधी हातानेच लावा. मग हेडला पाईप धरणारे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलमध्ये दिलेला तेवढाच. क्लॅम्प आणि सायलेन्सरचा बोल्ट शेवटी. उलट क्रमाने आवळलं तर पाईपवर ताण राहतो आणि पुढे वेल्डिंगला चीर जाते. गाडी एकदा तापून पूर्ण थंड झाली की नट पुन्हा तपासा.

गळती नसेल आणि आवाज हळूहळू भसाडा झाला असेल, तर आतलं आवाज शोषणारं ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) जळालेलं असतं किंवा बाफल (आवाज अडवणारी आतली पट्टी) सुटलेला असतो. सायलेन्सर हलवून खडखड ऐका. फरक मोजायचा तर आवाज मोजणारं ॲप लावलेला फोन सायलेन्सरच्या तोंडापासून 50 सेंमीवर, त्याच उंचीला, धुराच्या झोताशी 45 अंशांत धरा आणि दुरुस्तीआधी व नंतर एकाच आरपीएमला आकडा घ्या. फोनचा आकडा फक्त तुलनेपुरता धरावा.

सायलेन्सर शांत झाला तरी कानांची काळजी संपत नाही. हायवेच्या वेगाला हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज सहज 95 डेसिबलच्या वर जातो, आणि 85 च्या पुढे दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते: 85 ला आठ तास, 94 ला एकच. फोमचा इअरप्लग बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत घाला आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. बाहेर लोंबत असेल तर तो बसलेलाच नाही. हॉर्न आणि सायरन तरीही ऐकू येतात; फक्त काही ठिकाणी स्वाराने इअरप्लग घालायला बंदी आहे, तेवढं आधी बघा.