जुनी एमजीबी मिसिंग मारते आहे? सुटे भाग मागवण्याआधी हे करून बघा

सिग्नलला उभी असलेली गाडी अंग झटकल्यासारखी हलते, चढावर दम तोडते आणि सायलेन्सरमधून मधूनच 'फट्' असा आवाज येतो. आपल्याकडचे मिस्त्री म्हणतात, "मिसिंग मारतेय." म्हणजे चारपैकी एखाद्या सिलिंडरात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटायचं राहून जातंय.

एमजीबी ही इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली स्पोर्ट्स कार. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारी डबी, पॉइंट म्हणजे तिच्यातले उघडमीट करणारे संपर्क) आणि बहुतेक गाड्यांना दोन 'एसयू' बनावटीचे कार्बोरेटर. पुण्यामुंबईत ज्यांनी प्रीमियर पद्मिनीचे पॉइंट पॉलिश पेपरने घासलेत, त्यांना यातलं निम्मं ओळखीचं वाटेल. मी इंग्लंडात राहतो आणि माझी १९७१ ची आहे. ती पहिल्यांदा मिसिंग मारायला लागली तेव्हा मी एका संध्याकाळी प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची कॅप, आतला फिरता रोटर, पॉइंटवरच्या ठिणग्या आवरणारा कंडेन्सर असं सगळं नवं घातलं. मिसिंग गेलं नाही, फक्त त्याची तऱ्हा बदलली. नवा रोटरच खराब निघाला. एक दोष होता, त्याचे मी दोन केले.

तेव्हापासून दोन नियम पाळतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काढलेला जुना भाग गाडी सुधारेपर्यंत फेकायचा नाही. जुन्या गाड्यांसाठी आज मिळणारे नवे सुटे भाग, त्यातही रोटर आणि कंडेन्सर, डोळे मिटून विश्वास ठेवावा असे राहिलेले नाहीत.

आधी ऐका

बॉनेट उघडण्याआधी पंधरा मिनिटं गाडी चालवा आणि कागदावर टिपून ठेवा: मिसिंग थंड इंजिनाला येतं की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत की चढावर? ठरावीक तालात की मनाला येईल तेव्हा?

ठरावीक तालात, घड्याळासारखं येत असेल तर बहुधा एकच सिलिंडर रुसलाय: त्याचा प्लग, त्याची वायर किंवा त्याचा व्हॉल्व्ह. ताल नसेल, कधी इथे कधी तिथे असेल, तर दोष चौघांना सामायिक असलेल्या भागात: कॉइल (बॅटरीचं व्होल्टेज ठिणगीपुरतं वाढवणारी), पॉइंट, कंडेन्सर, रोटर किंवा पेट्रोलचा पुरवठा. फक्त चढावर, ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल तर ठिणगी कमजोर आहे किंवा पेट्रोल कमी पडतंय. सिलिंडरात दाब वाढला की ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून कमजोर कॉइल उभ्या गाडीत शहाण्यासारखी वागते आणि घाटात उघडी पडते.

आणि आरपीएमच्या काट्याकडे बघा. १९६४ नंतरच्या एमजीबीत हा काटा इलेक्ट्रॉनिक आहे आणि तो इग्निशनच्याच सर्किटवर चालतो. गाडीने झटका मारला त्याच क्षणी काटा खाली पडला किंवा थरथरला, तर दोष कॉइलच्या अलीकडच्या बारीक वायरींत, स्विचमध्ये किंवा पॉइंटपाशी आहे. काटा स्थिर राहून गाडीच झटके मारत असेल तर कॉइलच्या पुढे बघा, नाहीतर पेट्रोलकडे. फुकटची तपासणी आहे, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची.

कोणता सिलिंडर?

गॅरेजचं दार उघडं ठेवा, कारण धुराने माणूस गुदमरतो. हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा, बाह्या आणि ओढण्या पंख्यापासून लांब. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, तिला एक जास्तीचा प्लग जोडा आणि तो इंजिनाच्या उघड्या लोखंडाला घट्ट टेकवून ठेवा, म्हणजे करंटला वाट मिळेल. वायर नुसती लोंबत सोडू नका. करंट मग कॉइलच्या पोटातून किंवा तुमच्या हातातून वाट काढतो. आता इंजिन चालू करा. आवाज आणखी लंगडा झाला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर गुन्हेगार सापडला. असं चारही वेळा करा.

रेडिएटरकडचा सिलिंडर एक नंबरचा. पेटण्याचा क्रम १-३-४-२, आणि डिस्ट्रिब्युटरचा रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. वायरी मागेपुढे लागल्या नाहीत ना, हे इथेच बघून घ्या.

या इंजिनाची एक खोड उपयोगी पडते. चार सिलिंडरांना आत येणारी वाट दोनच: १ आणि २ ला मिळून एक, ३ आणि ४ ला मिळून एक. त्यामुळे १ आणि २ दोन्ही कमजोर असतील तर पुढच्या कार्बोरेटरवर संशय घ्या, ३ आणि ४ असतील तर मागच्या. २ आणि ३ ही शेजारची जोडी मेली असेल तर मात्र हेड गॅस्केट त्या दोघांच्या मधे जळालेलं असण्याची शक्यता मोठी.

प्लग काढून बघा

फिका तपकिरी रंग म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पेट्रोलने ओला म्हणजे पेटलंच नाही. तेलकट म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. पांढराफटक म्हणजे हवा जास्त. फट ०.६४ मिमी, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत २५ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). संशयित प्लग दुसऱ्या सिलिंडरात घाला. मिसिंग त्याच्यामागे गेलं तर प्लग बदला आणि पुढचं वाचायची गरज नाही.

डिस्ट्रिब्युटर: इथे वेळ घालवा

रात्र झाली की दिवे मालवा आणि चालू इंजिनावर स्प्रे बाटलीने पाण्याचा अगदी बारीक फवारा प्लगच्या वायरींवर मारा. हात लांब ठेवा. वायरी गळक्या असतील तर अंधारात निळ्या ठिणग्या रांगताना दिसतात.

मग इंजिन बंद करून कॅप काढा. आत केसासारखी काळी रेघ दिसली तर ती भेग आहे, करंट तिथून पळतो. मधला कोळशाचा छोटा ब्रश स्प्रिंगवर हलतो का ते बोटाने दाबून बघा.

रोटरची परीक्षा अशी. कॅप बाजूला, पॉइंट मिटलेले, किल्ली चालू. कॉइलची मधली जाड वायर इन्सुलेशनवाल्या पकडीत धरून तिचं टोक रोटरच्या पितळी पट्टीपासून तीनेक मिमीवर आणा आणि लाकडी काडीने पॉइंट उघडा. ठिणगी रोटरवर पुन्हा पुन्हा उडत असेल तर करंट रोटरच्या अंगातून खालच्या दांड्यात उतरतोय. चांगल्या रोटरवर ती उडत राहत नाही. बऱ्याचदा दोष पितळी पट्टी धरून ठेवणाऱ्या रिव्हेटपाशी असतो. माझा 'नवा' रोटर याच परीक्षेत नापास झाला. (कामापुरतीच किल्ली चालू ठेवा, पॉइंट मिटलेले असताना ती तशीच राहिली की कॉइल तापते.)

पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी, म्हणजे १४ ते १६ थाउ. पॉइंट काळे-निळे जळालेले असतील किंवा उघडताना तिथे ठसठशीत ठिणग्या दिसत असतील तर कंडेन्सरकडे बघा. कंडेन्सर थंड असताना नीट चालून गरम झाल्यावर दगा देतो, म्हणून टेबलावरच्या मोजणीने फारसं कळत नाही. चालत्या गाडीतला खात्रीचा कंडेन्सर लावून बघणं हाच उपाय.

आता ती जागा, जिथे कोणी बघत नाही. पॉइंटची पाटी व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या डबीने (इंजिनाच्या ओढीवर ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी) सतत थोडी मागेपुढे सरकते. तिच्यासोबत आतल्या दोन छोट्या वायरी वाकत राहतात: एक कॉइलकडून येणारी, एक पाटीला अर्थिंग देणारी. वर्षानुवर्षं वाकून त्या कापडी वेष्टनाच्या आत तुटतात. बाहेरून अखंड, आतून दोन तंतू शिल्लक. मीटर लावून पाटी हाताने हळूहळू फिरवा. आकडा उडाला तर वायर तुटली आहे. माझ्या गाडीचा मूळ दोष हाच होता. बोटभर लांबीची वायर! नवी लावताना साधी कडक वायर वापरू नका, बारीक तारांची लवचीक घ्या, नाहीतर तीही तुटेल.

कॉइल बदलायची वेळ आली तर एक सावधगिरी. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलचा प्राथमिक रोध सुमारे ३ ओहम असतो. १९७४ च्या अखेरीपासून आलेल्या रबरी बंपरच्या गाड्यांत बॅलास्ट रेझिस्टन्स (कॉइलच्या आधी जोडलेला जास्तीचा रोध) आणि सुमारे १.५ ओहमची कॉइल आहे. पन्नास वर्षांत आधीच्या मालकांनी काय जोडलंय सांगता येत नाही, म्हणून मोजून घ्या. ३ ओहमची बॅलास्टवाल्या गाडीत लावली तर ठिणगी मरते, १.५ ची साध्या गाडीत लावली तर पॉइंट जळतात.

मग पेट्रोल

एवढं झाल्यावरच कार्बोरेटरला हात लावा. तो सेट करून विजेचा दोष झाकायला गेलं की दोन्ही बिघडतं.

किल्ली चालू केल्यावर मागचा एसयू पंप काही वेळ टिकटिक करून थांबला पाहिजे. इंजिन बंद असतानाही तो टिकटिकतच राहिला तर कुठेतरी हवा शिरतेय, पेट्रोल गळतंय किंवा फ्लोटची सुई बसत नाहीये. कार्बोरेटरकडे जाणारी पुढची नळी बाटलीत सोडून बघा, इंजिन थंड असताना आणि अग्निशामक हाताशी ठेवून: मिनिटाला अर्धा लिटरसुद्धा येत नसेल तर फिल्टर, नळी, पंप या क्रमाने तपासा. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) झालं. इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या आतून सोलवटतात आणि त्याचा चुरा कार्बोरेटरपर्यंत पोचतो. भारतात ई२० भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या नळ्याही याच कारणाने बघाव्यात.

एसयूचा पिस्टन बाजूच्या पिनने जेमतेम मिमीभर उचला. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रणात पेट्रोल जास्त. इंजिन लगेच बसलं तर कमी. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झालं तर बरोबर. पिस्टन सोडल्यावर 'टक्' आवाज करत खाली बसला पाहिजे. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच अडखळत असेल तर वरच्या डॅम्परमध्ये तेल आहे का बघा.

शेवटी इंजिन

टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली) फट ०.३८ मिमी, १५ थाउ. इथे नऊचा हिशोब चालतो: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला सेट करायचा, सातवा उघडा असताना दुसरा, बेरीज नेहमी नऊ.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर सोडलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती ते महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या वर फरक असेल तर कमी असलेल्या सिलिंडरात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. इथून पुढे हेड खोलायचं काम, ते एका रविवारी उरकत नाही.

दोष सापडला असं वाटलं की त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये गाडी परत न्या. वर पोचल्यावर दहा मिनिटं बंद ठेवा, बॉनेट मिटलेलंच. मग चालू करून पुन्हा तोच चढ. इंजिनाच्या धगीत तापलेला कंडेन्सर काय म्हणतो, ते तेव्हा कळतं.