टू नाइट्स खेळताय? पाचव्या चालीला एफ६चा घोडा उचलू नका

नांदेड, परभणी, बीड, लातूरकडची जी पोरं पहिल्यांदाच बुद्धिबळाची रेटेड ओपन (रेटिंगसाठी धरली जाणारी खुली स्पर्धा) खेळायला निघालीत त्यांच्यासाठी लिहायलोय. इटालियन ओपनिंगच्या (ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४) चाली तुम्हाला येत असतील म्हणून ते सोडतो, फक्त टू नाइट्सचं, म्हणजे तिथं काळ्यानं तिसऱ्या चालीला दुसरा घोडाही काढला की होणाऱ्या डावाचं सांगतो, तिथंच मला लई मार बसलाय.

आपण काळ्याकडून. घोडा एफ६ला काढला की समोरचा घोडा जी५ला आणतो, उंट सी४ला आहेच, दोघांचा डोळा एफ७वर. आपण प्यादं डी५ला ढकलून उंटाची वाट अडवतो, तो ते प्यादं मारतो, इथवर सगळं बरोबर. आता हात आपसूक एफ६च्या घोड्याकडं जातो, कारण प्यादं परत मिळायलंय. नका मारू! मारलंत की तो एफ७ला घोडा देतो, राजानं खाल्ला की वजीर एफ३ला शह, आणि त्याच चालीत आपल्या डी५च्या घोड्यावर पण मारा. घोडा वाचवायला राजा ई६ला येतो, पार पटाच्या मधोमध, मग त्याचा दुसरा घोडा सी३ला. आता आपला घोडा उंटामुळं जखडला, हलूच शकत नाही, आणि त्याच्यावर वजीर, उंट, घोडा तिघं टपलेत. कॉम्प्युटरच्या इंजिनला जमत असेल, पण घड्याळ चालू असताना हे सांभाळणं नव्या माणसाचं काम नाही. आणि एवढंच पाठ करून गेलात तर तो सहाव्या चालीला घोडा न देता डी४ खेळेल, ते तर अजून वाईट.

बरोबर चाल म्हणजे सी६चा घोडा ए५ला. तो बी५ला शह देईल, सी६ करा, त्यानं मारलं की बीच्या प्याद्यानं मारा. एक प्यादं कमी राहतं, राहू द्या, त्याचा उंट मागं फिरतो, एच६ करून घोडाही हाकलता येतो, तोवर आपले मोहरे बाहेर. हे नकोच वाटत असेल तर तिसऱ्या चालीला उंट सी५, मग घोडा जी५ला आलाच तर आपला वजीर सरळ खातो.

दहा मिनिटांत ओपनिंग शिकवणारे व्हिडिओ माझ्या मते नुकसानच करतात. कोचही असा बघा जो आधी तुमची स्कोअरशीट (डावाच्या चाली लिहिलेला कागद) मागतो. रेटिंगचं (फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटना, खेळाची ताकद बघून देते तो आकडा) टेन्शन घेऊ नका, रेटेड खेळाडूंशी ५ डाव झाल्याशिवाय ते येतच नाही, आणि २०२४ पासून १४००च्या खाली रेटिंग नाहीच. हरलात तर समोरच्यालाच विचारा, दादा इथं काय बघितलं होतं? बहुतेक जण बसून सांगतात.