करिअरचं घरी बोलायचं कसं?

मी विद्यापीठात शिकवते. करिअरबद्दल बोलायला येणाऱ्या मुस्लिम मुलामुलींना आधी एक कोरा कागद देते. मुलीने लिहायचं, पाच वर्षांनी मला महिना किती कमवायचाय. मुलाने लिहायचं, घर चालवायची जबाबदारी माझ्यावर नसती तर मी काय शिकलो असतो. प्रश्न मुद्दाम उलटे, कारण घरी मुलीला विचारतात 'सासरचे करू देतील का' आणि मुलाला 'पगार किती'.

मायक्रोबायोलॉजीत पहिली आलेली एक मुलगी वीस मिनिटं नुसतं पेन धरून बसली. आकडा लिहिला, खोडला, निम्मा करून पुन्हा लिहिला. "मॅडम, एवढं मागणं बरं दिसेल का?" शेजारचा मुलगा एमबीए करणारा. त्याने 'पुरातत्त्व' एवढाच शब्द लिहिला आणि कागद पालथा ठेवला.

तुम्हीही हा कागद लिहा. मग गाठ कुठे पडलीय ते बघा. शरियतनुसार बायकोमुलांचा खर्च, म्हणजे नफका, नवऱ्याने करायचा. बायकोची कमाई तिची स्वतःची. सूरह निसाच्या 32व्या आयतीत पुरुषांना त्यांच्या कमाईचा वाटा आणि स्त्रियांना त्यांच्या कमाईचा, असं स्पष्ट आहे. घरात मात्र याचा अर्थ होतो की मुलीची नोकरी हौस म्हणून, कधीही सोडता येईल अशी. आणि मुलाने आवडीनिवडी विसरून लवकर कमवायला लागायचं.

घरी 'मला करिअर करायचंय' असं मोघम बोलू नका, नकारही मोघमच येतो. हरकत नेमकी कशाला आहे ते विचारा: अंतराला, वेळेला, खर्चाला, की लग्न लांबण्याला? माझे अब्बू वर्षभर 'नको' म्हणत होते. एकदा त्यांना प्रयोगशाळा दाखवायला नेलं. ते यंत्रांकडे बघतही नव्हते. रात्री दार कोण उघडतं, एवढंच त्यांनी रखवालदाराला विचारलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "जा." म्हणून जिथे काम करणार ती जागा घरच्यांना दाखवाच.

धर्माचा विषय निघाला तर वाद घालू नका, माहिती जवळ ठेवा. पैगंबर साहेबांच्या पहिल्या पत्नी हजरत खदीजा व्यापार करायच्या आणि लग्नाआधी पैगंबर साहेब त्यांचा माल घेऊन सफरीला गेले होते. मोरोक्कोतल्या फेझ शहरातली करवीयीन मशीद, जी पुढे विद्यापीठ झाली, ती 859 मध्ये फातिमा अल-फिहरी या स्त्रीने उभारली असं परंपरा सांगते. मरियम मिर्झाखानी यांना 2014 मध्ये गणितातलं फील्ड्स पदक मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण ही नावं एकदाच घ्या. आईवडिलांचं मन बहुधा दाराच्या कुलपासारख्या साध्या गोष्टीनेच वळतं.

मुलांनो, घरखर्चाचा खरा आकडा विचारून घ्या. तो माहीत नसतो तोवर भीती फार मोठी वाटते. बहीण कमावती झाली तर ती हातभार लावेलही, पण ती तिची मर्जी. तिचा पगार आधीच धरून हिशेब मांडू नका.

मुलींनो, लग्न ठरताना 'आमची काही हरकत नाही' एवढ्या तोंडी शब्दावर थांबू नका. शिक्षण पूर्ण करेन, नोकरी करेन, अशी अट निकाहनाम्यात लिहून घ्या. ती कितपत लागू होते हे मजहब, म्हणजे तुमचं घर पाळतं तो इस्लामी कायद्याचा पंथ, आणि देशाचा कायदा यांवर ठरतं, म्हणून मजकूर आधी वकिलाला आणि काझींना दाखवा. मेहरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेची, बोलणी होतील त्याच बैठकीत विषय काढा आणि होणाऱ्या नवऱ्यालाच ती अट मोठ्याने वाचायला सांगा.