क्वॉरी टाइल कशी पारखावी आणि कशी बसवून घ्यावी

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील जुन्या घराचे स्वयंपाकघर नव्याने करायचे म्हटले की दुकानात बहुधा गुजरातमधील मोरबीची चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल पुढे केली जाते. बैठकीच्या खोलीत ती शोभते. परंतु जिथे फोडणीचे तेल उडते, पाणी सांडते आणि ओल्या पायांनी दिवसभर ये-जा होते, अशा स्वयंपाकघरासाठी, मागच्या चौकासाठी आणि घरापुढच्या ओटल्यासाठी क्वॉरी टाइलचा विचार आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘क्वॉरी’ म्हणजे दगडाची खाण, तरी ही टाइल दगडाची नव्हे, मातीची असते. चिकणमाती किंवा शेल (चिकणमातीचाच थरांचा मऊ खडक) दळून-मळून यंत्राच्या साच्यातून सलग पट्टीच्या रूपात दाबून काढतात, तिचे चौकोन कापून वाळवतात आणि हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाच्या भट्टीत भाजतात. तिच्यावर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, नसतो आणि मातीतील लोहामुळे आलेला तांबडा किंवा तपकिरी रंग आरपार असतो, त्यामुळे कितीही झिजली तरी खालून वेगळा रंग डोकावत नाही. इंग्लंडमधील जुन्या घरांची स्वयंपाकघरे आणि अमेरिकेतील उपाहारगृहांचे भटारखाने यांत तिने जम बसवला तो याच गुणांच्या बळावर.

पहिले काम पारखण्याचे. टाइलची तुटकी कड पाहावी. आतला रंग पांढरट किंवा राखाडी आणि वरचा मात्र विटकरी असेल, तर ती मातीच्या रंगाची छपाई केलेली दुसरीच टाइल आहे. मागच्या बाजूला सहसा समांतर खाचा असतात, त्यांत सिमेंटचा मसाला घट्ट धरतो. खरी गफलत होते ती टेराकोटाशी, कारण रंग तोच, पण टेराकोटा कमी भाजलेला, मऊ आणि पाणी पिणारा असतो. म्हणून नमुन्याची एक टाइल घरी आणावी, उन्हात खडखडीत वाळवावी, स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर तोलावी, २४ तास पाण्यात बुडवून ठेवावी आणि ओल्या फडक्याने टिपून पुन्हा तोलावी. कोरडी ६०० ग्रॅम भरलेली टाइल भिजल्यावर ६३० ग्रॅम झाली, तर तिने ५ टक्के पाणी प्यायले. अमेरिकी मानकाने क्वॉरी टाइलसाठी घालून दिलेली मर्यादा हीच आहे. प्रयोगशाळेतील चाचणी अधिक कडक असते, त्यामुळे घरचा आकडा ५च्या बराच खाली यायला हवा.

त्याच टाइलवर पाणी ओतून अनवाणी उभे राहून पाहावे. काही प्रकारांत पाय घसरू नये म्हणून पृष्ठभागात कार्बोरंडमचे (घासकागदावर असतात तसे) कठीण कण घातलेले असतात. ते पायऱ्यांना योग्य, पण ज्या घरात अजूनही जमिनीवर पाट मांडून जेवतात तिथे ते टोचतात आणि पुसायचे फडकेही अडकते.

जाडी साधारण १२ ते २० मिलिमीटर असते, म्हणजे एका चौरस मीटरला सुमारे २५ ते ४० किलो वजन नुसत्या टाइलचेच. जुन्या वाड्याच्या लाकडी तुळयांवरील माळ्यावर ती बसवायची असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे. दार खालून किती तासावे लागेल, हेही तेव्हाच मोजावे.

बसवताना कडियाला (गवंड्याला) काही गोष्टी आधीच सांगाव्यात. भाजताना माती आकसते, त्यामुळे टाइलांच्या मापात थोडा फरक राहतोच. म्हणून सांधे ६ ते १० मिलिमीटरचे ठेवावेत आणि ‘सांधाच दिसणार नाही’ असा आग्रह धरू नये. तीन-चार खोक्यांतील टाइला मिसळून लावाव्यात, म्हणजे छटांचे पट्टे पडत नाहीत. मोरीच्या जाळीकडे मीटरमागे सुमारे १ सेंटिमीटर उतार द्यावा आणि मागच्या खाचा मसाल्याने पूर्ण भरून घ्याव्यात, कारण पोकळ राहिलेली टाइल जड भांडे पडताच तडकते. भिंतीलगत थोडी फट सोडून ती सिमेंटने न भरता सिलिकॉनने भरावी.

सर्वाधिक काम बिघडते ते सांधे भरताना. पृष्ठभागावर ग्लेझ नसल्यामुळे ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरायचा लगदा, बारीक छिद्रांत शिरतो आणि वाळल्यावर उठणारा पांढरट थर सहजी निघत नाही. त्यासाठी ग्राउट भरण्याआधी टाइलवर सीलर (छिद्रे बुजवणारा द्रव) किंवा ग्राउट-रिलीज (ग्राउट चिकटू न देणारा द्रव) लावून वाळू द्यावे, एका वेळी हातभर जागाच भरावी आणि लगेच ओल्या स्पंजने पुसून घ्यावे. स्वयंपाकघरात एपॉक्सी (सिमेंटऐवजी रेझिनचे) ग्राउट महाग पडले तरी तेच घ्यावे. सिमेंटच्या सांध्यात हळद आणि तेल मुरते, आणि लिंबू, चिंच, ताक यांच्या आम्लाने तो हळूहळू खाल्ला जातो. एपॉक्सी मात्र फार लवकर घट्ट होते, त्यामुळे ते ज्याने पूर्वी हाताळले आहे अशाच कारागिराला बोलवावे.

पुढची निगा सोपी आहे. तेलकटपणा गरम पाणी, सौम्य साबण आणि ताठ ब्रश यांनी जातो. मेण किंवा पॉलिश लावू नये, कारण त्याने फरशी निसरडी होते. डाग काढण्यासाठी विकले जाणारे अॅसिड टाइलला फारसे काही करत नाही, पण सिमेंटचे सांधे पोखरते, म्हणून तेही टाळावे. सीलर संपला की नाही, हे पाण्याच्या थेंबावरून कळते: थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर ठीक, टाइल तिथेच काळपट झाली तर सीलर पुन्हा लावण्याची वेळ आली आहे.