रेड कार्पेटच्या दागिन्यातील सोन्याचा माग कसा राखावा

हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, त्याचे गाव सांगत नाही. आपल्याकडच्या हॉलमार्कवर आता सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की सराफाची नोंदणी, हॉलमार्किंग केंद्र आणि शुद्धता कळते, पण सोने कोणत्या खाणीतून निघाले याचा त्यात उल्लेख नसतो. म्हणून रेड कार्पेटसाठी दागिना घडवताना ‘जबाबदारीने मिळवलेले सोने’ असे म्हणायचे असेल, तर त्याचा माग आपणच खाणीपासून कोंदणापर्यंत लेखी ठेवावा लागतो.

या कामाचा जगापुढे असलेला नमुना जिनिव्हाच्या शोपार्ड या दागिन्यांच्या पेढीचा आहे. तिने २०१३ साली कान महोत्सवात ‘ग्रीन कार्पेट कलेक्शन’ आणले आणि २०१४ पासून महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार ‘पाम दॉर’ फेअरमाइंड प्रमाणित, म्हणजे छोट्या खाणींतून जबाबदारीने काढलेल्या, सोन्यात घडवला जाऊ लागला. या पुरस्काराला १८ कॅरेटचे ११८ ग्रॅम, म्हणजे शुद्ध धरले तर ८८.५ ग्रॅम सोने लागते. फेअरमाइंडच्या नियमाप्रमाणे खाणकामगारांच्या संघटनेला सोन्याच्या किमतीखेरीज किलोमागे ४,००० डॉलर अधिमूल्य मिळते. पारा आणि सायनाइड न वापरता काढलेल्या सोन्याला ते ६,००० डॉलर असते. ४,००० च्या दराने अख्ख्या पाम दॉरवरचे अधिमूल्य ३५४ डॉलर होते. परवाना आणि वाहतुकीचा खर्च वेगळा धरला, तरी महागड्या हाराच्या घडणावळीपुढे ही रक्कम किरकोळ आहे, त्यामुळे ‘परवडत नाही’ ही सबब मला पटत नाही. खरी अडचण कारखान्यात, सोने वितळवायच्या मुशीपाशी येते.

सोने कुठले घ्यायचे हे रेखाटन करण्याआधीच ठरवावे. फेअरमाइंड किंवा फेअरट्रेडचे सोने छोट्या खाणींच्या संघटनांकडून येते आणि त्यासोबत संघटनेचे नाव मिळू शकते; शोपार्डने ज्यांना प्रमाणपत्र मिळवण्यासाठी साहाय्य केले त्यांत कोलंबियातील इकिरा येथील सहकारी संस्था होती. रिस्पॉन्सिबल ज्वेलरी कौन्सिल या दागिने उद्योगातील संघटनेच्या ‘चेन ऑफ कस्टडी’ मानकाखालचे सोने प्रमाणित हातांमधून सरकत येते, मात्र त्यावरून एका विशिष्ट खाणीपर्यंत पोचता येईलच असे नाही. शोपार्डने २०१८ पासून आपले सर्व सोने ‘एथिकल’ असल्याचे जाहीर केले तेव्हा त्या एका शब्दात हे दोन्ही मार्ग धरले होते, हे लक्षात ठेवावे. रिफायनरी एलबीएमएच्या, म्हणजे लंडनच्या सोने-चांदी बाजाराच्या संघटनेच्या, यादीत आहे एवढ्यावर थांबू नये. त्यातून रिफायनरीच्या तपासणीची हमी मिळते, तुमच्या सोन्याच्या दाण्यांचा उगम कळत नाही. ‘पुनर्वापरातील सोने’ हा शब्द मला सर्वांत सैल वाटतो, कारण सोने कोणी कधी टाकून देत नाही आणि मोड म्हणून आलेल्या बांगड्या मुळात कुठल्या खाणीच्या होत्या हे त्या बांगड्या सांगू शकत नाहीत. छोट्या खाणींना सरसकट टाळणे हाही उपाय नव्हे. माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक पारा अशाच खाणकामातून जातो, आणि तो कमी करणाऱ्यांना ग्राहक मिळाला नाही तर ते पुन्हा जुन्या दलालाकडे जातात.

बीजक हाती आल्यावर त्यावर लॉट क्रमांक, वजन, शुद्धता आणि प्रमाणपत्राचा प्रकार आहे का ते पाहावे. फेअरमाइंडमध्येही दोन प्रकार आहेत: एकात सोने प्रत्यक्ष वेगळे ठेवून माग राखला जातो, दुसऱ्यात ते इतर सोन्यात मिसळते आणि फक्त खरेदीचे वजन जुळवले जाते. दुसऱ्या प्रकारानेही खाणकामगाराला अधिमूल्य मिळते, पण ‘या हारातले सोने अमुक खाणीतले’ असे म्हणता येत नाही.

आता मुशीकडे येऊ. गिरणीत आधी कोणाची ज्वारी दळली असेल तर आपल्या गव्हाच्या पिठात थोडी ज्वारी येतेच. सोन्याच्या आटणीचेही तसेच आहे, आणि एकदा मिसळलेले सोने कोणतीही कसोटी वेगळे ओळखू शकत नाही. या लॉटसाठी नवी मूस, वेगळा कानस, वेगळा ब्रश आणि चुऱ्यासाठी वेगळे पाकीट ठेवावे. समजा हार ८० ग्रॅमचा, १८ कॅरेटचा आहे. त्यात शुद्ध सोने ६० ग्रॅम असेल, पण ओतकामात मेणाचे नमुने ज्या दांड्यांवर झाडासारखे बसवतात, त्या दांड्यांची जागाही सोन्याने भरते, म्हणून १३० ग्रॅम मिश्रधातू, अर्थात ९७.५ ग्रॅम शुद्ध सोने लागेल असे धरू. कारागिराला १३० ग्रॅम दिले, तर परत येताना हार ८०, दांड्या ४६.५, चुरा २.९ आणि घट ०.६ ग्रॅम असा मेळ वहीत बसला पाहिजे. दांड्या त्याच लॉट क्रमांकाच्या डबीत जाव्यात. झाडलोटीत गेलेले सोने ती धुऊन सोने काढणाऱ्या झारेकऱ्याकडे गेले की त्याचा माग संपला, असे समजून ते हिशेबातून वजा करावे.

बहुतेक ठिकाणी माग तुटतो तो डाखाशी, म्हणजे सांधे जोडायच्या मिश्रधातूशी. हार प्रमाणित सोन्याचा, पण डाख, कड्या, फासा (हार अडकवायची कळ) आणि कानातल्याची फिरकी मात्र बाजारातून तयार आणलेली, असे सहज होते, कारण या वस्तू कोणी हाताने करत बसत नाही. त्याच लॉटमधून तार ओढून कड्या कराव्यात आणि डाखही त्यातूनच पाडावा. फाशातली स्प्रिंग सोन्याची नसेल, तर तिचे वजन वेगळे नोंदवावे.

प्रसिद्धीपत्रकातले वाक्य अरुंद लिहावे: ‘या हारातील सोने अमुक संघटनेचे, अमुक प्रमाणपत्राचे.’ हिरे आणि पाचू यांचा उगम वेगळा तपासलेला नसेल, तर अख्ख्या हाराला ‘जबाबदार’ म्हणू नये. फेअरमाइंडची मुद्रा वापरण्यासाठी परवाना लागतो, तो आधी घ्यावा.

रेड कार्पेटचे दागिने बहुधा एका रात्रीपुरते उसने दिलेले असतात, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी हार आखूड करावा लागतो किंवा कडी निसटते. मग परक्या शहरातला कारागीर हाताला येईल तो डाख लावून मोकळा होतो. म्हणून हाराच्या पेटीत त्याच लॉटची दोन ग्रॅम तार आणि चिमूटभर डाख छोट्या पाकिटात, वजन लिहून, ठेवावा. आणि हार परत आला की ते पाकीट आधी तराजूवर ठेवावे.